बापाच्या मनाची विचारपूस

वाचकहो, या महिन्याच्या पाठाचा विषय ऐकून कित्येकांना नवल वाटेल. विषय आहे बापाच्या मनाचे दुखणे, आणि त्या दुखण्याला मदत कोठे मिळते हा. आईच्या कष्टांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि ते बोलले जावेच. बाप मात्र आपल्या बोलण्यात येतो तो कर्ता म्हणून, पोशिंदा म्हणून, फार तर तापट म्हणून. त्याला आतून काय होते हे विचारण्याची रीतच पडलेली नाही. नातेपुत्याच्या बाजारात दोन गृहस्थ भेटले म्हणजे काय बोलतात? "काय आण्णा, बरं हाय का?" "बरं हाय की." झाले! दोघे आपापल्या वाटेने चालू लागले. त्या "बरं हाय की" च्या पोटी सोसायटीचे थकलेले कर्ज असेल, लेकीचे मोडलेले लग्न असेल, महिनाभर न लागलेली झोप असेल. पण ते बाहेर येण्याला वाटच ठेवलेली नाही.

नातेपुत्याचे नाव उगाच घेतले नाही. माउलींची पालखी बरडचा मुक्काम हलवून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम नातेपुत्यास पडतो. त्या रात्री या गावात किती बाप निजलेले असतात! घरदार, गुरे, पेरणी मागे ठेवून आलेले. आणि ही पालखी ज्यांची, त्या ज्ञानोबांच्या स्वतःच्या पित्याची कथा काय आहे, ती आज जरा निराळ्या अंगाने पाहू.

विठ्ठलपंतांची हकीकत आपणांपैकी कोणाला ठाऊक नाही? काशीस जाऊन संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने परत गृहस्थाश्रमात आले, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई अशी चार लेकरे झाली आणि आळंदीने त्या कुटुंबाला वाळीत टाकले. मुलांच्या मुंजी कोणी लावीनात. बापाने शास्त्र्यांच्या पायाशी जाऊन उपाय विचारला, तेव्हा देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरा मार्ग नाही असे उत्तर मिळाले. आईबापांनी देह टाकला आणि लेकरे उघड्यावर पडली. परंपरेने आलेली कथा अशी आहे. कीर्तनात आपण ती सांगतो, श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते, आणि आपण पुढे पैठणच्या रेड्याकडे वळतो. परंतु येथे थोडे थांबले पाहिजे. हा त्याग होता असे म्हणून त्या प्रसंगाला आपण जो गोड सूर लावतो तो मला पटत नाही. तो एका एकट्या पाडलेल्या बापाचा शेवट होता. तो मदत मागावयास गेला होता, हे विसरू नये. ज्यांच्यापाशी गेला त्यांनी दार लावून घेतले. आणि त्याच्या जाण्याने मुलांचा प्रश्न सुटलाही नाही. शुद्धिपत्रासाठी त्या पोरक्या लेकरांना पैठणापर्यंत पायपीट करावीच लागली. आजही संकटातल्या बापाच्या मनात हाच खोटा हिशेब येतो की, "मी नसलो तर माझ्या लेकरांचं ओझं कमी हुईल." ओझे कमी होत नसते. तेच ओझे पोरांच्या डोक्यावर जाते, आणि वरती बाप गेल्याचे दुःख.

त्याच घरातला दुसरा प्रसंग घ्या. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव एकदा झोपडीची ताटी लावून आत बसले. तेव्हा धाकटी मुक्ताई दाराशी उभी राहिली आणि तिने भावाला बाहेर काढले. ताटीचे अभंग त्या प्रसंगाचे. तिने आत घुसून ताटी मोडली नाही, की "पुरुषासारखा पुरुष तू, असा काय बसतोस?" असेही हिणवले नाही. ती दाराशी राहिली आणि बोलत राहिली. पित्याला जी हाक मिळाली नाही, ती पुत्राला बहिणीकडून मिळाली. तुकोबांचेही तसेच. १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. बुवा घर सोडून डोंगरावर जाऊन बसले, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत गेला असे चरित्रकार सांगतात. शोधत जाणारे माणूस असले म्हणजे किती फरक पडतो, हे आपल्याच घरच्या कथांत लिहून ठेवलेले आहे.

आता आजच्या काळाकडे येऊ. सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२१ सालचे आकडे दिले. त्या वर्षी देशात १,६४,०३३ माणसांनी आपला जीव संपविला. त्यांत पुरुष १,१८,९७९, म्हणजे दर १० जणांत ७ हून अधिक. विवाहित पुरुष ८१,०६३ आणि विवाहित स्त्रिया २८,६८०. राज्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,२०७. यांपैकी बाप किती होते, असा रकाना त्या तक्त्यात नाही. पण ८१ हजार विवाहित पुरुष म्हटल्यावर आपण काय समजायचे ते समजावे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली (त्यांत महाराष्ट्र नव्हता). तीत प्रौढ पुरुषांपैकी १३.९ टक्के आणि स्त्रियांपैकी ७.५ टक्के कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने त्या वेळी पीडित आढळले. पुरुषांच्या आकड्यात दारूच्या व्यसनाचा वाटा मोठा आहे. बहुतेकांना उपचार मिळतच नव्हता.

बाई दुःखी झाली तर पुष्कळदा रडते, माहेरी जाते, शेजारणीपाशी बोलते. बापाचे दुःख वेश पालटून येते, म्हणून ते ओळखू येत नाही. तो चिडतो. पोरांच्या अंगावर धावतो. जेवताना ताट सारतो. नाहीतर अगदी मुका होतो. रानात जातो तो अंधार पडेपर्यंत येत नाही. कोणी दारूकडे वळतो, कोणी मोबाईलवरच्या जुगाराकडे. दवाखान्यात गेलाच तर सांगतो काय? "डोकं जड हाय, छातीत धडधडतंय, ॲसिडिटी हाय, भूक मेलीया." डॉक्टर इंजेक्शन देतात, कार्डिओग्राम काढतात, तो नीट येतो, आणि बाप परत घरी. वैद्यकशास्त्राची एक साधी खूण ध्यानी ठेवावी. दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, लक्ष ही बिघडणे. असे सलग २ आठवडे चालले तर ते नुसते वाईट वाटणे नव्हे, तो आजार समजून दाखवावे. आणि "माझं काय खरं नाय", "आता तुमचं तुम्ही बघा" अशी भाषा माणूस करू लागला, देणीघेणी मिटवू लागला, आवडती वस्तू दुसऱ्याला देऊ लागला, तर २ आठवडेही थांबू नये.

नव्या बापाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. बाळंतिणीच्या मनाला त्रास होतो हे आता गावोगाव ठाऊक होऊ लागले आहे. परंतु बाळाच्या बापालाही तो होतो. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१० साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात जो आढावा छापला गेला, त्यात गरोदरपण ते बाळ वर्षाचे होईपर्यंतच्या काळात सुमारे १० टक्के बाप नैराश्यात सापडलेले दिसले, आणि बाळ ३ ते ६ महिन्यांचे असताना हे प्रमाण सर्वांत जास्त होते. आईला हा आजार झाला असेल तर बापालाही होण्याचा संभव वाढतो. कारणे काय? झोपमोड, खर्च, बायको माहेरी आणि हा घरी एकटा, मूल कमी वजनाचे किंवा आजारी, आणि "आता तू बाप झालास, नीट वाग" हा उपदेश. आपल्या गावात बाळ झाल्यावर आशाताई घरी येते. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ६ वेळा, तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत. या घरभेटींची मूळ कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या कामातून आलेली आणि २०११ पासून देशभर घेतलेली. ती बाळाला तोलते, आईला विचारते. बाप तेवढ्यात ओसरीवरून उठून बाहेर जातो! त्याला हाक मारून "दादा, तुम्हाला झोप लागते का?" एवढे विचारण्यास जादा भत्ता लागत नाही आणि जादा वेळही लागत नाही.

आता आपल्या माळकरी मंडळींत दिसणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे, राग मानू नये. ज्याने माळ घातली त्याचे दारू सोडणे हे मोठे काम आहे आणि वारीने ते काम पुष्कळ घरांत केलेले आहे. परंतु माळ घातलेला बाप पुन्हा घसरला तर काय होते? तो भजनाला यायचे बंद होतो. लाजेने दिंडी बदलतो, नाहीतर वारीच चुकवतो. म्हणजे ज्या जागी त्याला आधार होता नेमकी तीच जागा सुटते. व्यसन हा आजार आहे आणि तो उलटणे हा त्या आजाराचा धर्म आहे, ही गोष्ट पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून सांगत आले. डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्या आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ते उभे केले. घसरलेल्याला तेथे पुन्हा घेतात, नातलगांनाही बोलावतात. आपल्या फडांनी एवढे शिकले तरी पुष्कळ: भजनाला न आलेल्या माणसाच्या घरी तिसऱ्या दिवशी विणेकऱ्याने जाऊन यावे. जाब विचारायला नव्हे, चहा प्यायला.

येथे कोणी आक्षेप घेईल की, नाम घेतल्यावर औषध कशाला? उत्तर सोपे आहे. मोतीबिंदू झाला तर माळकरी डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतो आणि मग हरिपाठ वाचतो. साखरेची गोळी घेऊन वारी चालतो. मेंदू हाही देहाचाच भाग आहे. नामाने धीर येतो, सत्संगाने एकटेपण सरते, हे खरेच. पण ज्याचे चित्त आजाराने जखडले आहे त्याला नामही घेववत नाही, आणि मग "आपली भक्तीच खोटी" असे नवे दुःख त्याच्या पदरी येते. तेव्हा "नाम घ्या, सगळं ठीक हुईल" एवढे सांगून त्याला वाटेला लावू नये.

दुसरा आक्षेप याहून व्यवहाराचा. "मनाचे डॉक्टर शहरात, नातेपुत्याच्या माणसाने जायचे कोठे?" हे खरे आहे की, नातेपुते जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आणि सोलापूर सव्वाशे किलोमीटरांहून दूर. पण प्रत्येकाला मानसोपचारतज्ज्ञच लागतो असे नाही, हे महाराष्ट्राने आणि गोव्याने करून दाखविले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठविले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात ४ होते, ते दीड वर्षात २७ झाले; हा हिशेब २०१७ साली छापून आला. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या एका संस्थेने 'आत्मीयता' हे काम केले. त्यात गावातीलच स्त्रीपुरुष आपल्या माणसांचे दुःख ऐकावयास शिकले. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारू पिणाऱ्या पुरुषांशी साध्या, डॉक्टर नसलेल्या पण शिकविलेल्या समुपदेशकांकडून थोड्याच बैठका घडविल्या. ३ महिन्यांनी पाहिले तर दारूचा अतिरेक थांबलेले ३६ टक्के निघाले. ज्यांना नेहमीचाच उपचार मिळाला त्यांत २६ टक्के. फरक डोंगराएवढा नाही, पण बोलण्याने दारू सुटू शकते एवढे त्याने दिसले. राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प काढला तो विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत. त्यांत सोलापूर नव्हते. आमच्या माळशिरस तालुक्याला कालवा आहे, ऊस आहे, कारखाने आहेत, म्हणून येथला शेतकरी सुखी असा समज असावा. कालव्याच्या काठचे कर्जही कर्जच असते.

आता प्रत्यक्ष वाट सांगतो.

सर्वांत जवळचे दार म्हणजे खिशातला फोन. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत, मराठी निवडता येते. पलीकडे शिकविलेला समुपदेशक असतो. गरज वाटली तर तो पुढे डॉक्टरांशी जोडून देतो. बाप स्वतः फोन करीत नसेल तर बायकोने, मुलाने किंवा मित्राने करून "आमच्या घरी असं असं हाय, आम्ही काय करावं?" असे विचारले तरी चालते. पुष्कळांना हे ठाऊकच नसते.

दुसरे दार गावातले ग्रामीण रुग्णालय. तेथे मनाचा डॉक्टर रोज बसत नाही. परंतु जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ठराविक दिवशी तालुक्यांत फिरते. तो दिवस कोणता हे रुग्णालयात किंवा आशाताईला विचारून घ्यावे व दिंडीच्या, भजनी मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवावे. अकलूजच्या आणि पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयांतही अशीच चौकशी करावी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत, तेव्हा खर्चाची सबब राहत नाही. आजार मोठा असला, माणूस भ्रमात बोलत असला, तर सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि त्याहून पुढे येरवडा. येरवड्याचे नाव ऐकून घाबरू नये. बाह्यरुग्ण म्हणून दाखवून त्याच दिवशी परत येणारे पुष्कळ असतात.

गोळ्यांविषयी दोन शब्द. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला २ ते ४ आठवडे जातात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बाप ती पडवीत फेकून देतो, हे नेहमीचे. बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवायची असते आणि थांबवायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची चटक लागत नाही.

जिवाचे काही बरेवाईट करण्याची भाषा निघाली असेल तर घाबरून विषय टाळू नये. "असं विचारलं तर त्याच्या डोक्यात नको ते शिरंल" ही समजूत खोटी ठरली आहे. उलट "जीव नकोसा झालाय का? मरायचा विचार येतो का?" असे स्पष्ट विचारले म्हणजे माणसाला हलके वाटते. मग त्याला एकटे सोडू नये, घरातली शेतीची औषधे कुलपात घालून किल्ली दुसऱ्या घरी द्यावी, आणि १४४१६ ला किंवा गाडी लागली तर १०८ ला फोन लावावा. पोलिसांची भीती बाळगून दवाखाना टाळणारी घरे अजून आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे तो कायदा धरून चालतो. त्याच्यावर खटला नव्हे, तर त्याला उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. जुन्या दंडविधानातले ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेत राहिलेले नाही. वाळीत टाकणारे आळंदीचे ते उत्तर कायद्याच्या पुस्तकातून निघायला ७०० वर्षांहून अधिक काळ लागला. लोकांच्या जिभेवरून ते अजून निघायचे आहे.

बापाशी बोलायचे कसे, हे विचारणारांना एक अनुभवाची गोष्ट. समोरासमोर बसवून "तुम्हांला काय होतंय ते सांगा" म्हटले तर तो सांगत नाही. शेजारी शेजारी काम करताना, बैलगाडीवर, बांधावरून चालताना सांगतो. वारीत तर हे रोज घडते. बरड ते नातेपुते चालताना दोन वारकऱ्यांची तोंडे पुढे असतात, डोळ्याला डोळा नसतो, आणि वीस वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट धर्मपुरीच्या अलीकडे बाहेर पडते. ऐकणाराने तेव्हा "आरं, एवढंच व्हय? माझं बघ की" असे म्हणून आपले पुराण लावू नये. ऐकावे. मध्येच "मग?" म्हणावे. उपाय लगेच सांगू नये. ऐकलेले दिंडीत पसरवू नये. मात्र जिवाचा धोका दिसला तर तेवढे घरच्यांना सांगावेच.

आणि दवाखान्यात जायचे ठरले म्हणजे "जाऊन ये बाबा" म्हणून मोकळे होऊ नये. तो स्टँडपर्यंत जातो आणि परत फिरतो. दिवस आपण ठरवावा, सकाळी त्याच्या दाराशी जावे, अकलूजची दोन तिकिटे आपणच काढावीत. केसपेपरच्या रांगेत शेजारी उभे राहावे. आत डॉक्टरांपाशी त्याला एकट्याला बोलू द्यावे, बाहेर बाकड्यावर बसावे. पुढच्या तारखेची चिठ्ठी आपल्या टोपीत ठेवावी, कारण त्याच्या खिशातून ती हरवते.